साधं धनुष्य, लांबचं टारगेट: फॉर्म सुधारतो की बिघडतो?

प्रत्यंचा
साइट (नेम धरायची खूण) नाही, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टिक वाजणारी पट्टी) नाही, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारी दांडी) नाही, अशा साध्या धनुष्याने सराव करणारे बरेचजण १८ मीटरच्या पुढे सरकतच नाहीत. माझं मत उलट आहे. फॉर्म, म्हणजे बाण मारण्याची ढब, सुधारायची तर आठवड्यातून निदान दोन दिवस ५० मीटरवर उभं राहा.

हिशेब बघा. कोनातली चूक अंतराच्या प्रमाणात वाढते: अर्ध्या अंशाने १८ मीटरवर बाण १६ सेंमी चुकतो, ५० मीटरवर ४४. वेगातली चूक मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाणाचा वेग सेकंदाला ५२ मीटर धरा. एखादा बाण अर्धा इंच कमी ओढून सुटला की वेग साधारण १ मीटरने घटतो. हवेचा विरोध सोडला तर तो बाण १८ मीटरवर सव्वादोन सेंमी खाली लागेल, ५० मीटरवर १७-१८ सेंमी. म्हणजे इनडोअरच्या ४० सेंमी टारगेटवर ९ गुण, पिवळ्यातच! आपण खूश. तीच चूक ५० मीटरच्या १२२ सेंमी टारगेटवर लाल रंगात, ८ वर जाते. क्लिकर नसलेल्या धनुष्यात ओढ कमी-जास्त होणं हाच मोठा रोग, आणि जवळून तो दिसतच नाही.

गवताचा भारा
हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. थर्मामीटर रोज लावला म्हणून ताप उतरत नाही.

लांबवर प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. प्रत्येक धनुष्याचं एक अंतर असतं, जिथे बाणाचं टोक थेट केंद्रावर धरलं की बाण केंद्रात लागतो. तीन बोटं नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) खाली धरणाऱ्यांचं हे अंतर बहुधा ५० मीटरच्या बरंच अलीकडे येतं. त्यापुढे टोक टारगेटच्या वर धरावं लागतं, आणि धनुष्याची मूठ टारगेटच झाकते. मग माणूस कमरेतून मागे झुकायच्या ऐवजी नुसता पुढचा हात उचलतो. पुढचा खांदा कानाकडे चढतो, मागचं कोपर बाणाच्या रेषेखाली पडतं, अँकर, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो ती जागा, गालावरून हनुवटीकडे घसरतो. शिवाय बाण सुमारे सेकंदभर हवेत असतो, तेवढ्यात तो कुठे चाललाय हे बघायला डोकं बाहेर येतं आणि हात खाली पडतो. ही डोकावण्याची खोड एकदा लागली की १० मीटरवरही सुटत नाही.

जपानी क्यूदोत टारगेट २८ मीटरवर असतं, पण नवशिक्याला आधी माकिवारासमोर, म्हणजे पेंढ्याच्या घट्ट भाऱ्यासमोर, जेमतेम धनुष्याच्या लांबीवर उभं करतात. तुर्की परंपरेतही आधी हलक्या धनुष्यावर नुसती ओढ, मग जवळच्या पिशवीत बाण.

म्हणून ३-४ मीटर, खांद्याच्या उंचीवर बेल (गवताचा दाबलेला गठ्ठा), त्यावर टारगेटचा कागद नाही. अँकर लागला, बाण बेलकडेच आहे याची खात्री झाली, की डोळे मिटा. पाठीची ओढ सुरू ठेवा आणि सोडा. बाण बेलमध्ये रुतेपर्यंत मागचा हात मानेशी, पुढचा जागेवर. असे ४० बाण.

प्रत्यंचा
डोळे मिटून ४० बाण सुंदर सुटतात हो. पण समोर कागद आला की तोच माणूस आखडतो. बेलवर टारगेटच्या पिवळ्या कड्या नसतात, म्हणून तिथे घाई नसते. तो फॉर्म दबावाखाली टिकतो का, हे कुठे कळणार? कोपर पडण्याचा मुद्दा मान्य. उपाय सोपा: आडव्या रेषेत पूर्ण ओढा, मग खांदे-हात न हलवता कमरेतून झुका. झुकून मग ओढाल तर गडबड होणारच.

पिसारा
दोघेही बाण एकसारखे आहेत असं धरून भांडताय. बांबूच्या बाणांत ते गृहीत धरता येत नाही. ३० ग्रॅमच्या बाणात दीड ग्रॅमचा फरक पडला तरी वेगात जवळपास तोच १ मीटरचा फरक येतो, जो वर अर्ध्या इंचाच्या ओढीने आला. बोला आता, दोष कोणाचा?

लांबवर जायच्या आधी बाण वजनाने निवडा, प्रत्येकावर नंबर टाका. ५० मीटरवर ३-३ बाणांच्या १२ फेऱ्या मारा आणि कुठला नंबर कुठे लागला ते वहीत लिहा. ५ नंबर दर वेळी खालीच जात असेल तर बाण बाजूला काढा, खांद्याला शिव्या देऊ नका. नंबर बदलत राहिले आणि बाण उभ्या रेषेत पसरले, तर ओढ किंवा अँकर. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे पसरले, तर दोरी सोडताना बोटं बाहेर ओढली जातायत. सगळेच बाण एकत्र पण डावीकडे, तर स्पाइन (बाणाच्या काडीचा ताठपणा) जास्त आहे. त्याची परीक्षा १८ मीटरवर, एक-दोन बिनपिसांचे बाण मारून करायची. वाऱ्याच्या दिवशी वही मिटून ठेवा, त्या नोंदींना अर्थ नाही.

काठावरचा
इंडियन राउंडवाल्यांना (बांबूच्या धनुष्याची स्पर्धा खेळणाऱ्यांना) निवड कुठे आहे? सीनियर गटात ५० आणि ३० मीटर मारायचंच असतं. आणि कोरियात पारंपरिक धनुष्याचं अंतर १४५ मीटर आहे. त्यांचा फॉर्म बिघडला का?

गवताचा भारा
त्यांचं टारगेट २ मीटर रुंद आणि त्याहून उंच असतं, धनुष्य-बाणही त्या अंतरासाठीच बनवलेले. २० पौंडी (ओढायला तेवढा जोर लागणारं) बांबूचं धनुष्य घेतलेल्या पोराला ५० मीटरवर उभं केलंत तर ते आभाळात नेम धरतं. त्याने आधी ३० वर सहापैकी सहा बाण १२२ सेंमीच्या कागदात ठेवावेत, मग ५ मीटर मागे. दोन चुकले की परत पुढे.

प्रत्यंचा
पोरांच्या बाबतीत मान्य. मोठ्यांच्या बाबतीत नाही. फार तर ५० मीटरच्या आधी १२ बाण बेलवर, आणि शेवटचे ६ पुन्हा बेलवर. त्याहून जास्त नाही.

पिसारा
आणि टारगेटच्या मागे काय आहे ते आधी बघा. साधा ३० पौंडी धनुष्याचा बाण वर सुटला तर दीडशे मीटरच्या पुढे जातो. मागे मातीचा बांध नसेल किंवा मैदानाच्या पलीकडे पायवाट असेल, तर १८ मीटरच बरे.