मध्ययुगीन साहित्य-चित्रांतली हिंसा, जी ऐकू येते, चाखता येते : काय वाचू, काय पाहू?

ओलीमाती :
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि विषय घेतलाय युरोपातल्या मध्ययुगीन साहित्यातली आणि चित्रांतली हिंसा. पण नुसतं तलवारी चालल्या, मुंडकी उडाली असलं नकोय, आवाज, चव, कातडीची आग, असं अंगावर येणारं हवंय. आत्तापर्यंत फक्त रोलांचं फ्रेंच वीरकाव्य वाचलंय, त्यात तो शिंग इतक्या जिवाच्या आकांताने फुंकतो की तोंडातून रक्त येतं, कानशील फुटतं, आणि तिकडे दूरवर त्याच्या राजाला, शार्लमेनला, ते ऐकू जातं. मी तिथेच अडकलेय. इंग्रजी भाषांतरं चालतील, सुचवा ना प्लीज.

जुनापिंपळ :
इटालियन कवी दान्तेचं इन्फर्नो, म्हणजे त्याने स्वतः केलेल्या नरकाच्या सफरीचं काव्य, त्यातला सर्ग १३ बिनधास्त घ्या. आत्महत्या केलेल्यांची तिथे झाडं झालीयेत. वाटाड्या व्हर्जिलच्या सांगण्यावरून दान्ते एक डहाळी मोडतो तर झाड ओरडतं, का मोडतोस मला? आणि मोडल्या जागेतून रक्त अन् शब्द एकदमच बाहेर येतात. उपमा बघा काय दिलीय, ओल्या लाकडाचं एक टोक जळत असताना दुसऱ्या टोकातून पाणी गळतं आणि हवा सूं-सूं करत बाहेर पडते, तसं. आमच्या आजीच्या चुलीत पावसाळ्यात हेच व्हायचं, बाभळीचं ओलं लाकूड, टोकाला पिवळट फेस आणि तो बारीक आवाज, त्यामुळे वाचताना मला सर्रकन काटा आला, तो आवाज माझ्या ओळखीचा होता हो. शिवाय इथे इजा खुद्द कवीच्याच हातून होते, गटात यावर नक्की बोला. झाड झालेला माणूस पिएर देल्ला व्हिन्या, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा मंत्री, खराच होऊन गेलेला.

राईचं_शेत :
चित्रांत इझेनहाइमची वेदी, म्हणजे चर्चमधल्या वेदीवरचे रंगवलेले मोठे फलक. जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डची, १५१२ ते १५१६, आता फ्रान्समध्ये कोलमारच्या म्युझियममध्ये आहे. काळ अगदी शेवटचा आहे पण सोडू नका. क्रुसावरच्या ख्रिस्ताचं अंग हिरवट, कातडीभर फोड आणि रुतलेले काटे, बोटं तर अशी वाकडी ताणलेली की आपलीच दुखायला लागतात. ही वेदी होती अँटोनाइन संन्याशांच्या मठात, आणि ते ज्यांची सेवा करायचे त्यांना बुरशी लागलेली राई खाऊन रोग व्हायचा, हातपाय आग आग करायचे, सडून गळायचे. असा माणूस त्या चित्रासमोर आला की त्याला स्वतःचीच कातडी दिसत असणार, मला तर हे चित्र त्या रुग्णांशिवाय बघताच येत नाही.

ओलीमाती :
बापरे, दोन्ही घेतेच. चवीचं काही आहे का पण?

रणहलगी :
आहे ना, निबेलुंगेनलीड, साधारण १२०० च्या आसपासचं जर्मन काव्य. हूणांचा राजा एत्झेल, त्याचा दिवाणखाना पेटवून दिलाय, आत योद्धे अडकलेत, तहानेने जीव जातोय. त्यांच्यातलाच हागेन म्हणतो रक्त प्या. एकजण मेलेल्याशेजारी गुडघे टेकतो, शिरस्त्राण काढतो, जखमेला तोंड लावतो आणि वर म्हणतो, यापेक्षा चांगली वाइन मला क्वचितच कुणी दिली असेल.

ओलीमाती :
हे एवढंच प्रकरण वाचलं तर लागेल का संदर्भ?

रणहलगी :
एत्झेलची राणी क्रीमहिल्ट, आग तिनेच लावायला लावलीय, तिला पहिल्या नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायचाय आणि खून हागेननेच केलाय, एवढं आधी सांगा, पुरे. आणि मोठ्याने वाचा.