कर्करोग संशोधनातील पोस्टडॉक फेलोशिप : यजमान गटाला पहिले पत्र आणि माहितीच्या मालकीचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझी पीएचडी विदर्भातील खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) खाण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर असून, प्रबंध सादर झाला आहे. तोंडी परीक्षा तेवढी बाकी आहे. आता मी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची, फेलोशिप शोधत आहे. काम प्रयोगशाळेतले नसून एपिडेमिऑलॉजीचे, म्हणजे आजार कोणत्या लोकांत, किती आणि कशामुळे होतो हे अभ्यासण्याचे आहे. त्यामुळे पेशी, जनुके किंवा औषधांवर काम करणाऱ्यांसाठीच्या जाहिरातींचा मला फारसा उपयोग होत नाही, आणि अशाच जाहिराती अधिक दिसतात.

विकसनशील देशांतील संशोधकांना डोळ्यांसमोर ठेवून पोस्टडॉक फेलोशिप देणारी आणि माझ्या विषयाला जवळची अशी संस्था म्हणजे फ्रान्समधील ल्यों येथील आयएआरसी, अर्थात जागतिक आरोग्य संघटनेची 1965 साली स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था. तंबाखू न मिसळलेली नुसती सुपारीदेखील माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा याच संस्थेच्या तज्ज्ञगटाने दिला होता आणि तो 2004 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. खर्र्यावर काम करणाऱ्याला याहून समर्पक ठिकाण मला तरी सुचत नाही.

दुसरा पर्याय युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपचा. तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक नसावा आणि अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे, एवढे पाहावे लागते. मात्र तिथे जगभरातल्या उमेदवारांशी स्पर्धा आहे, म्हणून माझा कल ल्योंकडे अधिक आहे.

दोन्हीकडे अर्जापूर्वीच यजमान गट, म्हणजे ज्यांच्याकडे जाऊन काम करायचे तो संशोधकांचा गट, शोधून, त्याच्याशी बोलून, उभयतांना रस असेल असा विषय ठरवावा लागतो. माझे प्रश्न इथूनच सुरू होतात. पहिल्या पत्रात स्वतःचा पूर्ण आराखडा मांडावा, की त्या गटाचे अलीकडचे शोधनिबंध वाचून त्यांच्या चालू कामात मी कुठे उपयोगी पडेन एवढेच सांगावे? माझ्या मार्गदर्शकांचे मत पहिल्या बाजूचे आहे. मला दुसरे अधिक योग्य वाटते, कारण कोणीही आपल्या गटात माणूस घेताना आधी आपल्या गरजेचा विचार करणार.

खरी अडचण आहे ती गावांतून गोळा केलेल्या माहितीची. ती माझ्या संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीने जमवलेली असून तिच्यावर अधिकार संस्थेचा आहे. परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत चालणाऱ्या, आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते हे मला ठाऊक आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास टाटा मेमोरियल, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि आयएआरसी यांनी मिळून केला होता. म्हणजे खेड्यांतल्या माहितीवर असे संयुक्त काम होऊ शकते. पण तिथे संस्थांमध्ये आधीपासून सहकार्य होते. इथे एकटी उमेदवार नावे-पत्ते काढून टाकलेली माहिती विश्लेषणासाठी बरोबर नेऊ पाहत आहे, आणि फेलोशिप सुरू होईपर्यंत संस्थेतला माझा करारही संपलेला असेल. अशा वेळी मंजुरीचा अर्ज कोणाच्या नावाने करावा? मार्गदर्शकांनी भारतातील प्रमुख संशोधक म्हणून सही केली तर पुरते का? की फेलोशिपच्या अर्जात ही माहिती न आणता आयएआरसीकडे उपलब्ध असलेल्या आकडेवारीवरच प्रस्ताव बेतणे शहाणपणाचे ठरेल?

आणखी एक. अशा फेलोशिपमागे, शिकून मायदेशी परतावे आणि तिथले संशोधन पुढे न्यावे, अशी अपेक्षा असते. ती मला मनापासून मान्य आहे, पण कायम नोकरी नसलेल्या उमेदवाराने परतीची खात्री कशाच्या आधारे द्यावी? विभागप्रमुखांचे पाठिंब्याचे पत्र कोणी जोडले असल्यास त्यात साधारण काय लिहून घेतले होते, ते कळवावे.

फ्रेंच येत नाही. तिथे रोजच्या कामात इंग्रजी पुरते असे ऐकले आहे, म्हणून त्याची चिंता तूर्त बाजूला ठेवली आहे. आरोग्यविषयक माहिती घेऊन परदेशी पोस्टडॉक केलेल्यांनी, मग विषय कर्करोगाचा नसला तरी, मंजुरीला साधारण किती काळ लागला तेवढे जरूर सांगावे, कारण यजमान गटाला पत्र कधी पाठवायचे ते त्यावरच ठरणार आहे.