पगारातून दरमहा २०० रुपये 'व्यवसाय कर' कापतात, ते जातात कुठे?

हिंजवडीकर:
पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 'पीटी २००' (पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर) असतं, फेब्रुवारीत ३००. आयकर वेगळा, जीएसटी वेगळा, मग हे काय प्रकरण आहे? एचआरला विचारलं तर 'नियमानुसार आहे' एवढंच उत्तर. ऑफिसातला एक जण म्हणाला, हे पैसे रोजगार हमीला जातात. म्हणजे आम्ही राबायचं आणि गावाकडे बसून खायचं? जाणकारांनी सांगावं.

पेरोलवाली:
११ महिने २०० आणि एक महिना ३००, झाले २५००. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ. आयकराच्या जुन्या पद्धतीत याची वजावट मिळते, नव्या पद्धतीत नाही.

जुना ओव्हरसिअर:
'बसून खायचं' वाचलं म्हणून लिहायला बसलो. ऐंशीच्या दशकात बीड जिल्ह्यात रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) कामांवर ओव्हरसिअर होतो.

तुमच्या मित्राने सांगितलं ते बरोबर आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 'मागेल त्याला काम' या कल्पनेचा प्रयोग केला होता. मग ७२ चा दुष्काळ आला. मिलो (बाहेरून आणलेली ज्वारी) खाऊन, सुकडीवर (दुष्काळात वाटला जाणारा कोरडा खाऊ) दिवस काढत माणसं खडी फोडत होती. १९७५ ला व्यवसाय कर लागला तो याच योजनेसाठी. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कराचा जेवढा पैसा, तेवढीच भर सरकारने घालायची, अशी तरतूद होती. म्हणजे तुमच्या २०० वर सरकारचे २००. काम मागितलं की ते देणं सरकारवर बंधनकारक. उपकार नव्हे, हक्क.

आता बसून खाण्याबद्दल. पाझर तलावाचं काम, मे महिना. टिकावाने मुरूम उकरायचा, घमेल्याने बांधावर नेऊन टाकायचा. नुसत्या हजेरीवर मजुरी नव्हती, टोळीने मिळून केलेल्या कामाच्या मापावर होती. खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खुंट तसाच ठेवायचा, त्याला टेप लावून मी खोली मोजायचो. टोळीत एखादी म्हातारी असली की सगळ्यांच्याच वाट्याला कमी यायचं. तरी टोळ्या तिला सोडत नसत. बाया तर पुरुषांच्या बरोबरीने, कधी जास्तच. मस्टरवर (हजेरीपटावर) खोटी नावंही असायची, ते नाकारत नाही. पण खुंट खोटं बोलत नाही.

आकडेमोड्या:
काका, आदर आहे, पण थोडं उलटं बोलतो. हा पैसा आधी राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत जातो, तिथून विधिमंडळाने मंजूर केला तर रोजगार हमी निधीत. म्हणजे वाटेत अडकू शकतो. शिवाय २००५ ला केंद्राचा कायदा आला, १०० दिवसांची अकुशल मजुरी केंद्राने द्यायची ठरली. मग आमच्याकडून व्यवसाय कर घेणं चालूच का?

जुना ओव्हरसिअर:
प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राची हमी १०० दिवसांवर थांबत नव्हती, वरचे दिवस राज्याच्या खर्चाने, हे त्याचं एक उत्तर. दुसरं, सगळा पैसा मजुरीतच गेला असंही नाही. १९९० पासून रोहयोशी जोडून फळबाग योजना आली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्याच कोरडवाहू रानात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची आणि त्याची मजुरी त्यालाच. आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ. तुमच्या मंडईतल्या बऱ्याच पाट्या त्यातूनच आल्यात, साहेब.

पैसा वाटेत अडकतो का, हे बघायला अर्थसंकल्पात दोनच आकडे शोधा: व्यवसाय कराची जमा आणि हमी निधीकडे वळवलेली रक्कम. फरक दिसला तर आमदाराला गाठा. मजुरावर राग काढून काय उपयोग? त्याची मजुरी आधीच उशिरा मिळते.

हिंजवडीकर:
अर्थसंकल्प बघतो. आणखी एक, माझा भाऊ नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम करतो. त्याला पगारच नाही, मग त्याचं काय?

पेरोलवाली:
त्यालाही लागू. नावनोंदणी प्रमाणपत्र काढायचं, वर्षाचे २५०० एकदम, ३० जूनच्या आत. हाताखाली माणसं ठेवली तर त्यांच्या पगारातून कापून भरायची वेगळी नोंदणी. उशीर झाला तर व्याज लागतं, आत्ताच करून घ्यायला सांगा.