चर्चा: नव्या नाट्यगृहात कमान हवी की मोकळा हॉल?

मोकळं अंगण
बंगाली नाटककार बादल सरकार पेशाने नगररचनाकार होते, हे त्यांच्या नाटकांबद्दल बोलताना आपण विसरतो. माणसं कुठून येतील, कुठे थांबतील याचा विचार करणं हे त्यांचं रोजचं काम. १९७०च्या दशकात कोलकात्यात त्यांनी कमानी रंगमंच (कमानीच्या चौकटीतला मंच, प्रेक्षक फक्त समोर) सोडून साध्या खोलीत ‘अंगनमंच’ मांडला. ‘मिछिल’ (मोर्चा) या त्यांच्या नाटकात बसायच्या जागाच अशा लावल्या की त्यांच्यामधून वळणावळणाची वाट निघावी आणि नटांचा मोर्चा प्रेक्षकांना खेटून जावा. समोर बसलेला अनोळखी माणूसही मग नाटकाचा भाग होतो.

आपल्याकडे मात्र नवं नाट्यगृह म्हटलं की कमान, मखमली पडदा आणि पाहुण्यांसाठी राखीव पहिल्या रांगा. माझी मागणी: सपाट हॉल, हलवता येणाऱ्या खुर्च्या, आणि नकाशा काढताना बॅकस्टेजवाल्यांना आणि शेजारच्या वस्तीला बोलवा.

तिसरी घंटा
साफ असहमत. अंधारात निवांत बसून रडता येणं हाही प्रेक्षकाचा हक्क आहे. गोलात बसवलं की प्रत्येकावर समोरच्याची नजर. लाजरी माणसं अशा ठिकाणी आणखी आक्रसतात, आणि सहभाग म्हणजे चारदोन धीटांचा सहभाग होतो.

शिवाय व्यवहार बघा. नाटकाचा सेट टेम्पोतून गावोगाव फिरतो. कमान सगळीकडे साधारण सारखी, म्हणून पुण्यात बसवलेलं नाटक सावंतवाडीत उभं राहतं. तुमच्या हॉलसाठी प्रत्येक वेळी हालचाली नव्याने बसवायच्या?

दादरकर
दोघंही मांडणीत अडकलाय. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून चळवळीचा विचार मांडणारे कार्यक्रम, मोकळ्या जागेतच व्हायचे, पण माणसं उठून विचार करू लागली ती गोल बसली म्हणून नव्हे. जलसा त्यांच्यातल्याच माणसांनी उभा केला होता आणि प्रश्न त्यांच्या घरातले होते.

दादरच्या छबिलदास शाळेचंही तेच. १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकाला घर दिलं. हॉल काही कुणी नाटकासाठी बांधलेला नव्हता. संस्थांना तिथे नेमाने प्रयोग करता आले, हे महत्त्वाचं. हॉलची चावी कुणाकडे, तारखा कोण वाटतं, ते आधी सांगा.

मोकळं अंगण
चावीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मागणीत घालते. पण मांडणी गौण नाही. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या मंच-नाट्यात (फोरम थिएटर) प्रेक्षक नाटक थांबवतो आणि पात्राच्या जागी स्वतः उभा राहून दुसरा मार्ग करून दाखवतो. पुढे रिओत नगरसेवक झाल्यावर (१९९३–९६) अशा प्रयोगांतल्या सूचनांमधून त्यांनी १३ कायदे मंजूर करून घेतले. चार फूट उंच रंगमंचावर चढायला किती बायका उठतील? आणि अंधार हवा त्या नाटकाला अंधार करा की! मोकळ्या हॉलमध्ये कमान उभी करता येते. सिमेंटची कमान मात्र हलत नाही.

तिसरी घंटा
करता येते, पण फुकट नाही. सपाट हॉलमध्ये मागच्यांना दिसायला जोडायच्या पायऱ्या लागतात, त्या लावायला-काढायला माणसं लागतात. ती मजुरी भाड्यात धरलीत, तर छोट्या संस्थांनाच हॉल परवडणार नाही. हा खर्च पालिका उचलेल, असं मागणीपत्रात स्पष्ट लिहा. मग माझी सही घ्या.