लेमोनेड स्टँड (ॲपल टू): सातव्या दिवसानंतर नफा का आटतो?

प्रश्न: सरबतवाला
लेमोनेड स्टँड या सरबताची टपरी चालवायच्या गेमची १९७९ ची आवृत्ती, जुन्या ॲपल टू संगणकाची, एम्युलेटरवर (त्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळतोय. रोज किती ग्लास, किती पाट्या आणि काय भाव ते ठरवायचं असतं. पहिले दोन दिवस छान जातात. सातव्या दिवशी ग्लासचा खर्च ५ सेंट होतो आणि गाडी अडते. ऊन असताना ६० ग्लास, जाहिरातीच्या ८ पाट्या, भाव १२ सेंट असं लावलं, तर ४१ ग्लास खपले आणि हातात फक्त ७२ सेंट राहिले. भाव अजून चढवू का? ढगाळ दिवशी काय करायचं?

उत्तर १: आकडेमोड
भाव चढवू नका. १० वर ठेवा आणि विसरून जा.

गेममधली मागणी १० सेंटपाशी मोडते. उन्हाच्या दिवशी, एकही पाटी नसताना, १० ला ३० गिऱ्हाइकं येतात. त्याखाली दर सेंटमागे जेमतेम २.४ गिऱ्हाइकं वाढतात. वर मात्र मागणी भावाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात पडते: ११ ला २४, १२ ला २०, २० ला फक्त ७. खर्च ५ धरला तर नफा ९ ला १.२८ डॉलर, १० ला १.५०, १२ ला १.४०.

तुमचा खरा घाटा पाट्यांत आहे. एक पाटी १५ सेंटची. पहिलीने गिऱ्हाईक ३९ टक्क्यांनी वाढतं, तीन पाट्यांनी ७८ टक्क्यांनी. पण कितीही लावल्या तरी दुपटीपलीकडे जात नाही. आठ म्हणजे १.२० डॉलर भिंतीला चिकटवले. शिवाय उरलेलं सरबत दुसऱ्या दिवशी चालत नाही, त्यामुळे न खपलेल्या १९ ग्लासांचे ९५ सेंट गेले.

ऊन: ५३ ग्लास, ३ पाट्या, भाव १०. नफा २.२० डॉलर.
कडक ऊन: ११५ ग्लास, ५ पाट्या, भाव १०. बरोबर ५ डॉलर.

उत्तर २: जुनी_फ्लॉपी
गंमत म्हणजे ३ पाट्यांवर ११ सेंट लावले तर ४४ ग्लास खपून २.१९ मिळतात. एका सेंटाचा फरक. सातव्या दिवसाआधी मात्र १० च सरस, कारण तेव्हा खर्च कमी असतो (दोन दिवस २ सेंट, मग आई साखर फुकट देणं बंद करते आणि तो ४ होतो).

ढगाळ दिवशी पावसाची शक्यता ३० ते ७० टक्के दाखवतात. ती तशीच गिऱ्हाइकातून वजा होते: ५० टक्के म्हणजे निम्मं गिऱ्हाईक. वर चारातून एकदा वादळ येऊन सगळा माल बुडतो, पाट्यांसकट. म्हणून ३०-४० टक्क्यांना एक पाटी, ५० पासून पुढे एकही नाही. ५० ला १५ ग्लास पुरे. बुडाले तरी ७५ सेंटच.

सरबतवाला
आणि रस्त्याचं काम चालू असल्याची सूचना येते तेव्हा?

उत्तर ३: आकडेमोड
तो छापाकाटा आहे. निम्म्या वेळा गिऱ्हाईक दहा टक्क्यांवर येतं, निम्म्या वेळा मजूर जेवणाच्या सुट्टीत सगळे ग्लास घेऊन टाकतात. खर्च ५ आणि भाव १० असेल तर जास्तीच्या ग्लासाचा सरासरी फायदा शून्य. मजूर भाव बघत नाहीत, म्हणून त्या दिवशी भाव चढवणं परवडतं. पाटी लावू नका. आणि सगळी शिल्लक ओतू नका. एकदा काटा पडला तर दुसऱ्या दिवशी ५३ ग्लासांनाही पैसे उरत नाहीत.

उत्तर ४: जुनी_फ्लॉपी
सूत्रं स्वतः तपासायची असतील तर गेम आकडा विचारून थांबला की कंट्रोल-सी दाबून लगेच रिटर्न दाबा. नुसत्या कंट्रोल-सीने तिथे काही होत नाही. मग LIST (प्रोग्रॅमच्या ओळी दाखवणारी आज्ञा) टाइप करा, कॅप्स लॉक चालू ठेवून. जुन्या मशीनचं बेसिक (ज्या भाषेत गेम लिहिलाय ती) लहान अक्षरांना सिंटॅक्स एरर देतं. पडदा भराभर सरकतो, कंट्रोल-एसने थांबवा. भावाची ओळ शोधायला मोघम चाळण्यापेक्षा EXP (पाट्यांच्या हिशोबातलं घातांकी फलन) हे नाव शोधा, मागणीचं गणित त्याच्याच आजूबाजूला आहे.