बातमीत आम्ही कसे दिसतो?

३ डिसेंबर, म्हणजे जागतिक अपंग दिन, जवळ आला की पेपरवाल्यांना आमची आठवण होते. एरवी अपंगांची बातमी म्हणजे दहावीचा निकाल, नाहीतर तीनचाकी वाटपाचा फोटो, त्यातही पुढारी मधोमध. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. एवढ्या माणसांचं जगणं बातमीत कसं उतरतं? ज्यांच्यावर बातमी झाली, ज्यांनी ती लिहिली, त्या सगळ्यांनी इथे सांगावं. पेपर-चॅनेलची नावं नकोत. सुरुवात मी करते.

मला पोलिओ आहे, कुबड्या वापरते. बारावीत चांगले मार्क पडले तेव्हा बातमीदार घरी आले. मी त्यांना सांगितलं की प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबा कामावर खाडा करून मला उचलून वर नेतात आणि कॉलेज आमच्या अर्जाला उत्तरही देत नाही. फोटोग्राफरने भिंतीला टेकवलेल्या कुबड्या मुद्दाम हातात घ्यायला लावल्या. छापून आलं ते ‘जिद्दीपुढे अपंगत्व हरले’. लिफ्टचा उल्लेखच नाही! कॉलेजला एक फोन करून विचारलं असतं, तर माझ्या मागून आलेल्या मुलीचा तरी जिना चुकला असता.

बँकेतला क्लार्क, अल्पदृष्टी
जुलै २०२४मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं. चौकशी व्हायलाच हवी होती. पण चॅनेलवर दिवसरात्र ‘बोगस अपंग’ सुरू झालं आणि त्याची झळ आम्हाला बसली. मला समोरचं थोडं दिसतं, कडेचं अजिबात नाही. मोबाईलवर अक्षरं मोठी करून वाचतो. काउंटरवर एका ग्राहकाने सगळ्यांसमोर माझा व्हिडिओ काढायला घेतला, “आंधळा म्हणून नोकरी लागली आणि मोबाईल बघतोय!” कमी दिसणं वेगळं, काहीच न दिसणं वेगळं, आणि सवलतीसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं, एवढं सांगणारा माणूस मी पाहिलेल्या एकाही चर्चेत बसवला नव्हता.

कर्णबधिर, कोल्हापूर
२०१९चा पूर. पाणी गल्लीत आलेलं, टीव्हीवर निवेदिकेचे ओठ भराभर हलतायत आणि खालच्या पट्टीवर फक्त ‘पाणीपातळीत वाढ’. लोकांना कुठल्या शाळेत हलवतायत ते सगळं तोंडी. बहिणीने वहीत लिहून दिलं तेव्हा कळलं. दूरदर्शनवर १९८७पासून कर्णबधिरांसाठी बातमीपत्र आहे, म्हणजे खुणांच्या भाषेत बातम्या देता येतात. मग ऐन संकटात का नाही?

विशेष शिक्षिका
आमच्या मतिमंद विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. बातमीत ‘नाव बदलले आहे’ आणि पुढच्याच ओळीत गाव, शाळा, वडिलांचा धंदा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ने हे सगळं छापायला मनाई आहे. आठवडी बाजारात बाया तिच्या आईकडे बोट दाखवायच्या. शेवटी ते घर गाव सोडून गेलं. बातमीदाराला शिक्षा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

व्हीलचेअरवरची वकील
मुलाखत माझी, प्रश्न नवऱ्याला: “तुम्ही यांना कसं सांभाळता?”

जिल्हा बातमीदार
मी पलीकडच्या बाजूचा. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदकं मिळाली, त्यात आपल्या सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारींचं गोळाफेकीतलं रौप्य. मी बातमी १६.३२ मीटरच्या फेकीपासून सुरू केली. डेस्कवरून फोन, “हाताचं काय झालं होतं ते वर घे, लोक तेच वाचतात.” मी नाही म्हणालो, वाद झाला, पण बातमी लागली तशीच, क्रीडा पानावर. तेव्हापासून अपंग माणसाची बातमी करताना एक फोन संबंधित कार्यालयाला करतोच: रॅम्प का नाही, निधी कुठे गेला, जबाबदार अधिकारी कोण? उत्तर देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा छापतो. उत्तर दिलं नाही, तर तेही छापतो.