‘मूट पॉइंट’ म्हणजे नेमका कोणता मुद्दा?

अनुवादक:
मी सध्या एका कायदेविषयक इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर करीत आहे. कंपनीने योजनाच मागे घेतल्यामुळे परवानगीचा प्रश्न आता ‘मूट’ झाला आहे, अशा आशयाचे एक वाक्य त्यात आहे. ‘मूट पॉइंट’ म्हणजे वादाचा मुद्दा, हे शाळेपासून पाठ असल्यामुळे मी ‘प्रश्न वादग्रस्त झाला आहे’ असे लिहिले. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘प्रश्न निरर्थक ठरला आहे’ असे केले. शब्दकोश उघडला तर त्यात दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले आहेत. ज्यावर वाद घालावा असा मुद्दा आणि ज्यावर वाद घालण्यात काही हशील उरलेले नाही असा मुद्दा, या दोहोंना एकच शब्द कसा चालतो? आणि मराठीत मी काय लिहावे?

वकील:
या वाक्यापुरते तपासणाऱ्यांचे बरोबर आहे. अमेरिकी कायद्यात ज्या वादातील प्रत्यक्ष तंटाच संपला आहे, तो ‘मूट’ समजला जातो आणि न्यायालय त्यावर निर्णय देत नाही. १९७४ सालचा ‘डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड’ हा खटला याचे ठळक उदाहरण आहे. विधी महाविद्यालयाने प्रवेश नाकारल्याची तक्रार घेऊन एक विद्यार्थी न्यायालयात गेला, दरम्यान न्यायालयाच्याच आदेशामुळे त्याला प्रवेश मिळाला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत तो शेवटच्या सत्रात शिकत होता. निकाल काहीही लागला तरी त्याचे शिक्षण पूर्ण होणारच होते, म्हणून न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच घातला नाही.

आमच्याकडे अशा याचिकेला ‘इनफ्रक्चुअस’ म्हणतात, म्हणजे निष्फळ. उलट आमच्या निकालपत्रांत ‘मूट क्वेश्चन’ असे आले, तर त्याचा अर्थ बहुधा ‘निर्णयासाठी उभा असलेला मुख्य प्रश्न’ असा असतो. मराठीत त्याला आपण कळीचा प्रश्न म्हणू. तेव्हा अर्थ दोन नव्हेत, तीन आहेत.

शिक्षिका:
तीन अर्थ आहेत म्हणून तिन्ही सारखेच ग्राह्य ठरत नाहीत. जुन्या इंग्रजीत ‘मोट’ म्हणजे सभा. राजाला सल्ला देणाऱ्या जाणत्यांच्या सभेला ‘विटेनाजेमोट’ म्हणत, आणि भेटणे या अर्थाचे ‘मीट’ हे क्रियापद त्याच कुळातले आहे. सभेपुढे चर्चेला यावा तो मूट, इतका हा शब्द स्वच्छ आहे. ज्यावर चर्चेची गरज नाही त्याला मूट म्हणणे म्हणजे मुळाचाच घात करणे होय. मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे. ‘म्यूट पॉइंट’ असे लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांची चूक कुठून सुरू होते हेही मला माहीत आहे. मुद्दा मुका झाला, आता त्यावर बोलायचे नाही, अशी समजूत एकदा झाली की शब्दही तसाच लिहिला जातो.

वाचक:
‘मूट’ आणि आपला ‘मत’ यांचे काही नाते असावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. मते मांडली जातात ती सभा, हे किती चपखल बसते!

भाषाभ्यासक:
चपखल बसते, पण ते साम्य योगायोगाचे आहे. ‘मत’ हा शब्द संस्कृतातील ‘मन्’ धातूपासून आला असून त्याचा इंग्रजीतील नातेवाईक ‘माइंड’ आहे.

अर्थ कसा पालटला, याबाबत मात्र मी बाईंशी सहमत नाही. वकिलीचे विद्यार्थी सरावासाठी काल्पनिक खटले चालवीत, त्यांना ‘मूट’ म्हणत. आजही महाविद्यालयांत ‘मूट कोर्ट’ भरते. तेथील वादविवाद खरा असतो, पण निकालाने कोणाचे काही जात नाही की कोणाला काही मिळत नाही. ‘चर्चेला योग्य’ पासून ‘केवळ चर्चेपुरता’ आणि तेथून ‘व्यवहारात गैरलागू’ अशा पायऱ्या उतरत हा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजला. यातली कोणती पायरी चूक म्हणायची? ‘टेबल’ या क्रियापदाचेही असेच आहे. प्रस्ताव टेबल करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांमध्ये या एका शब्दावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि शेवटी लक्षात आले की दोघांनाही तो विषय तातडीने हवाच होता. चर्चिल यांनी ही हकिकत स्वतः नोंदवलेली आहे.

आणि इंग्रजीला दोष कशासाठी द्यायचा? ‘माझ्या अपरोक्ष हे घडले’ असे आपण सगळेच म्हणतो.

शिक्षिका:
मी म्हणत नाही. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, म्हणून अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर. वेदान्तातले अपरोक्ष ज्ञान म्हणजे साक्षात अनुभवाचे ज्ञान. माझ्या वडिलांना मी एकदा पत्रात ‘तुमच्या अपरोक्ष निर्णय घ्यावा लागला’ असे कळवले, तेव्हा त्यांनी उत्तरात फक्त एवढेच विचारले होते की, मी समोर असताना मला विचारले का नाही? तेव्हापासून तो शब्द त्या अर्थाने माझ्या लेखणीतून उतरलेला नाही.

वकील:
बाई, मग ‘शिक्षा’ हा शब्दही दंड या अर्थाने वापरता येणार नाही, कारण संस्कृतात ते शिक्षण आहे. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजोरीचा गुन्हा आहे, आणि आपण मात्र साहसाची पारितोषिके देतो. ‘राजीनामा’ हा मुळात राजी असल्याचा कागद. जमिनीच्या जुन्या दप्तरांत एकाचा राजीनामा आणि दुसऱ्याची कबुलायत जोडीने सापडतात, आणि आता तर नाराज माणूसच राजीनामा देतो.

शिक्षिका:
त्या शब्दांचा जुना अर्थ मराठीतून पुरता गेला आहे, म्हणून घोटाळा होत नाही. ‘अपरोक्ष’चे दोन्ही अर्थ अजून जिवंत आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत. नेमकी हीच अडचण ‘मूट’ची आहे.

अनुवादक:
सर्वांचे आभार. या वाक्यात मी ‘प्रश्न आता गैरलागू झाला आहे’ असे लिहिले आहे, कारण ‘निरर्थक’मुळे तो प्रश्न आधीपासूनच पोकळ होता असे वाटते. मात्र पुढच्याच प्रकरणात एका समितीने सुधारणेची कल्पना प्रथम ‘मूट’ केली, असे क्रियापद आले आहे. तेथे ‘मांडली’ पुरेल, की ‘चर्चेसाठी पुढे केली’ असे सविस्तर लिहावे?

वाचक:
पण ‘अपरोक्ष’ टाळायचा, तर त्या जागी दुसरा कोणता शब्द घ्यावा?

शिक्षिका:
‘माघारी’. अस्सल मराठी आहे आणि संदिग्ध नाही.

भाषाभ्यासक:
संदिग्ध कसा नाही? ‘तो माघारी आला’ आणि ‘तो माझ्या माघारी आला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा.